जँगो सेटअप करताना टर्मिनलवर येणारे एरर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे आणि नवी मुंबईतल्या कॉलेजांत शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट जँगोत (वेबसाइट बनवायच्या पायथन फ्रेमवर्कमध्ये) करणारे विद्यार्थी आणि ऐरोली-महापे पट्ट्यात नुकतेच कामाला लागलेले ज्युनिअर पुन्हा पुन्हा जिथे अडतात, ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं विंडोज आणि उबुंटू या दोन्हींसाठी आहेत.

कमांड इथे उच्चाराप्रमाणे नागरीत लिहिल्या आहेत, फोनवर मित्राला वाचून दाखवतो तशा. टाइप करताना त्या छोट्या इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाका. डॅश, ठिपका, स्लॅश आणि मोकळी जागा जिथे आहे तिथेच ठेवा. ‘पीवाय’ म्हणजे पी आणि वाय ही दोनच अक्षरं. ‘व्हीएन्व’ म्हणजे व्ही, ई, एन, व्ही ही चार. सेटिंग्जमधली नावं मात्र पूर्ण कॅपिटलमध्ये असतात.

स्क्रीनभर एरर आला की वाचायचं काय?

खालून वर वाचा. एररचं नाव आणि कारण सगळ्यात शेवटच्या ओळीत असतं. तिथून वर सरकत जा आणि तुमच्या प्रोजेक्टच्या फोल्डरचा पत्ता असलेली पहिली ओळ शोधा. ‘साइट-पॅकेजेस’ असं लिहिलेल्या ओळी जँगोच्या आतल्या आहेत, तिथे बहुतेक वेळा काहीही बिघडलेलं नसतं.

मॅनेज.पीवाय सोडून तुमची एकही फाइल त्यात सापडत नसेल आणि शेवटी ‘नो मॉड्यूल नेम्ड’ असेल, तर सेटिंग्ज.पीवाय उघडून इन्स्टॉल्ड_ॲप्सची यादी बघा. समजा तिथे ‘शॉप’ आणि ‘बिलिंग’ अशी दोन ॲप लिहिली आणि मधला स्वल्पविराम राहिला, तर पायथन शेजारच्या दोन्ही स्ट्रिंग जोडून टाकतं. मग ‘शॉपबिलिंग’ नावाचं मॉड्यूल सापडत नाही अशी तक्रार येते. असं जोडनाव दिसलं की स्वल्पविरामच शोधायचा.

मदत मागताना मोबाइलने काढलेला स्क्रीनचा फोटो पाठवू नका. टाकलेल्या कमांडपासून शेवटच्या ओळीपर्यंतचा मजकूर कॉपी करून पाठवा. फोटोत नेमकी ती शेवटची ओळच कापली जाते.

एरर कुठलाही असो, आधी काय तपासायचं?

दोन गोष्टी: कुठलं पायथन चालतंय आणि तुम्ही कुठल्या फोल्डरमध्ये उभे आहात. खाली दिलेले बरेचसे एरर या दोन्हींपैकी एक चुकल्यामुळेच येतात.

पायथनसाठी विंडोजच्या साध्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘व्हेअर पायथन’ टाका, उबुंटूवर ‘व्हिच पायथन’. पहिला पत्ता तुमच्या प्रोजेक्टमधल्या व्हीएन्व (व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे त्या प्रोजेक्टपुरतं वेगळं पायथन) फोल्डरचा हवा. पॉवरशेलमध्ये ‘व्हेअर’चा अर्थ वेगळा आहे, त्यामुळे तिथे नुसतं ‘व्हेअर पायथन’ टाकलं तर काहीच छापून येत नाही; ‘व्हेअर.ईएक्सई पायथन’ असं पूर्ण लिहावं लागतं. फोल्डरसाठी विंडोजवर ‘डीआयआर’ आणि उबुंटूवर ‘एलएस’. यादीत मॅनेज.पीवाय दिसली पाहिजे.

‘पायथन इज नॉट रेकग्नाइज्ड…’ असं येतं, किंवा थेट मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडतं. पायथन तर इन्स्टॉल केलंय!

इन्स्टॉल करताना पहिल्याच खिडकीत तळाशी ‘ॲड पायथन.ईएक्सई टू पाथ’ अशी एक चौकट असते. पाथ म्हणजे विंडोज प्रोग्राम जिथे शोधतं त्या फोल्डरांची यादी. चौकट रिकामी राहिली की विंडोजला पायथन सापडत नाही. इन्स्टॉलर पुन्हा चालवून चौकट टिक करा आणि टर्मिनल बंद करून नवीन उघडा. आधीपासून उघडं असलेलं टर्मिनल जुनाच पाथ धरून बसतं.

स्टोअर उघडत असेल तर सेटिंग्जमध्ये ‘ॲप एक्झिक्युशन अलायसेस’ शोधा आणि तिथली पायथनची दोन्ही बटणं बंद करा.

लॅबमध्ये हे बदल करायची परवानगी नसेल तर ‘पायथन’ऐवजी नुसतं ‘पीवाय’ टाकून बघा. हा लाँचर पाथवर अवलंबून नसतो. ‘पीवाय --लिस्ट’ने मशीनवर असलेली सगळी व्हर्जन दिसतात आणि ‘पीवाय -३.१२ -एम व्हीएन्व व्हीएन्व’ने हवं ते निवडता येतं.

जँगोचं कुठलं व्हर्जन घ्यायचं? एकाच ग्रुपमध्ये तिघांकडे तीन वेगळी आलीत.

‘पिप इन्स्टॉल जँगो’ एवढंच टाकलं की पिप (पायथनची पॅकेज उतरवणारं साधन) त्या मशीनवरच्या पायथनला चालेल असं सगळ्यात नवीन व्हर्जन उचलतं. पायथन वेगळं, की जँगोही वेगळं. जँगो ४.२ ला पायथन ३.८ पुरतं, ५.२ ला किमान ३.१० लागतं आणि ६.० ला किमान ३.१२.

विंडोज ७ वर पायथन ३.८ च्या पुढे जाताच येत नाही. लॅबमध्ये अजून तसं मशीन असेल तर तिथे ४.२ हीच मर्यादा. त्यावर ‘पिप इन्स्टॉल जँगो==५.२’ टाकलंत तर ‘कुड नॉट फाइंड अ व्हर्जन दॅट सॅटिस्फाइज द रिक्वायरमेंट’ येतं. ते वाचून इंटरनेटला दोष दिला जातो, पण कारण पायथनच्या जुनेपणात असतं.

ग्रुपने पहिल्याच दिवशी एक आकडा ठरवावा. ५.२ हे दीर्घ मुदतीच्या सपोर्टचं व्हर्जन आहे, प्रोजेक्टसाठी आमचा कौल त्यालाच. ठरलं की रिक्वायरमेंट्स.टीएक्सटीमध्ये तो आकडा लिहून सगळ्यांनी ‘पायथन -एम पिप इन्स्टॉल -आर रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी’ चालवायचं.

व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट ॲक्टिव्हेट करताना लाल अक्षरांत ‘रनिंग स्क्रिप्ट्स इज डिसेबल्ड ऑन धिस सिस्टिम’ येतं.

हे पॉवरशेलचं सुरक्षेचं बंधन आहे, जँगोचा त्याच्याशी संबंध नाही. स्वतःच्या लॅपटॉपवर एकदाच हे टाका:

सेट-एक्झिक्युशनपॉलिसी -स्कोप करंटयूजर रिमोटसाइन्ड

लॅबमध्ये हे नाकारलं जाऊ शकतं. तिथे साधं कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘व्हीएन्व\स्क्रिप्ट्स\ॲक्टिव्हेट’ टाका, तिथे हे बंधन लागत नाही. ओळीच्या सुरुवातीला कंसात व्हीएन्व दिसलं की काम झालं. टर्मिनलची प्रत्येक नवी खिडकी उघडली की ॲक्टिव्हेट पुन्हा करावं लागतं. काल चालत होतं आणि आज ‘कुडन्ट इम्पोर्ट जँगो’ येतंय, याचं उत्तर बहुतेक वेळा एवढंच असतं.

उबुंटूवर ‘एक्स्टर्नली-मॅनेज्ड-एन्व्हायर्नमेंट’ येतं. पिप बिघडलंय का?

नाही. उबुंटूचं स्वतःचं पायथन व्यवस्थेच्या कामाचं आहे, त्यात पिपने ढवळाढवळ करू नये म्हणून २३.०४ पासून हे कुलूप लावलंय. मेसेजमध्येच ‘ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस’ असा पर्याय सुचवलेला दिसेल. तो वापरू नका, नावातच धोका सांगितलाय. व्हीएन्व बनवा. ते बनवताना ‘एनशुअरपिप इज नॉट अव्हेलेबल’ आलं तर ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल पायथन३-व्हीएन्व’, मग अर्धवट बनलेला फोल्डर उडवून पुन्हा ‘पायथन३ -एम व्हीएन्व व्हीएन्व’ आणि ‘सोर्स व्हीएन्व/बिन/ॲक्टिव्हेट’.

कॉलेजच्या नेटवर पिप चालतच नाही. घरी चालतं.

शेवटच्या ओळीत ‘४०७ प्रॉक्सी ऑथेंटिकेशन रिक्वायर्ड’ असेल तर मध्ये प्रॉक्सी (कॉलेजचं नेट ज्यातून जातं तो मधला सर्व्हर) आहे. लॅब असिस्टंटकडून पत्ता आणि पोर्ट घ्या आणि पिपच्या कमांडमध्ये ‘--प्रॉक्सी’ लिहून त्यापुढे द्या. ‘सर्टिफिकेट_व्हेरिफाय_फेल्ड’ आलं तर आधी मशीनची तारीख बघा. मदरबोर्डवरचा सेल संपलेल्या जुन्या पीसीवर घड्याळ मागे पडतं आणि चांगलं सर्टिफिकेटही खोटं ठरतं. तारीख बरोबर असेल तर नेटवर्कवरचा फायरवॉल मध्ये स्वतःचं सर्टिफिकेट घालतोय. तो प्रश्न नेटवर्क सांभाळणाऱ्यांनीच सोडवायचा.

‘रीड टाइम्ड आउट’ म्हणजे नेट हळू किंवा तुटक. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लोकलमधून इन्स्टॉल करायला गेलं आणि गाडी बोगद्यात शिरली की हमखास हेच. कमांड पुन्हा द्या, हवं तर ‘--टाइमआउट १००’ जोडा. आधी पूर्ण उतरलेल्या फाइल पिप आपल्या कॅशमधून घेतं, त्यामुळे सगळं पहिल्यापासून उतरत नाही.

नेट अजिबात नसेल तर पेनड्राइव्ह हा भरवशाचा मार्ग आहे. घरी, लॅबसारखंच विंडोज आणि तेच पायथन व्हर्जन असलेल्या मशीनवर:

पायथन -एम पिप डाउनलोड जँगो==५.२ -डी पॅकेट

पॅकेट नावाच्या फोल्डरमध्ये जँगोसोबत एएसजीआयरेफ, एसक्यूएलपार्स आणि विंडोज असेल तर टीझेडडेटा अशा फाइल येतील. तो फोल्डर लॅबमध्ये नेऊन, व्हीएन्व ॲक्टिव्हेट करून:

पायथन -एम पिप इन्स्टॉल --नो-इंडेक्स --फाइंड-लिंक्स=पॅकेट जँगो==५.२

पेनड्राइव्हवर मग अख्खा प्रोजेक्ट व्हीएन्वसकट का नेऊ नये?

व्हीएन्वच्या आतल्या फाइलींत ज्या मशीनवर ते बनलं तिथले पूर्ण पत्ते कोरलेले असतात. दुसऱ्या पीसीवर ते पत्ते नसतात, मग ‘फेटल एरर इन लाँचर’ किंवा ‘अनेबल टू क्रिएट प्रोसेस’ येतं. त्याच मशीनवर नुसतं फोल्डरचं नाव बदललं तरी असंच होतं. व्हीएन्व उडवा आणि जागेवर नवीन बनवा, दोन मिनिटांचं काम आहे. तुमचा कोड व्हीएन्वच्या आत कधीच ठेवू नका, म्हणजे उडवताना हात थरथरणार नाही.

प्रोजेक्ट डेस्कटॉपवर ठेवणाऱ्यांनी डेस्कटॉप वनड्राइव्हला जोडलेला नाही ना, तेही बघावं. व्हीएन्वमधल्या हजारो छोट्या फाइल सिंक होत राहतात, आणि डेटाबेसची फाइल सिंकच्या तावडीत असताना ‘डेटाबेस इज लॉक्ड’ येऊ शकतं. सी ड्राइव्हवर थेट एक फोल्डर करून त्यात ठेवा.

‘स्टार्टप्रोजेक्ट’ नावच नाकारतं.

नावात डॅश किंवा मोकळी जागा चालत नाही, आकड्याने सुरुवातही नाही, अंडरस्कोर चालतो. ‘टेस्ट’ किंवा ‘जँगो’ हेही चालणार नाही, कारण त्या नावाची मॉड्यूल आधीच आहेत. याच कारणाने तुमच्या कुठल्याही फाइलला जँगो.पीवाय असं नाव देऊ नका. दिलंत, तर पायथन खऱ्या जँगोऐवजी तुमची फाइल उचलतं आणि ‘जँगो इज नॉट अ पॅकेज’ म्हणतं.

‘जँगो-ॲडमिन’ ही कमांडच सापडत नसेल तर ‘पायथन -एम जँगो स्टार्टप्रोजेक्ट दुकान .’ अशी द्या. शेवटचा ठिपका विसरू नका. तो नसला की फोल्डरात फोल्डर बनतो, तुम्ही बाहेरच उभे राहता आणि पुढच्या कमांडला ‘कान्ट ओपन फाइल मॅनेज.पीवाय’ येतं. तसं झालंच असेल तर ‘सीडी दुकान’ करून आत जा.

‘यू हॅव १८ अनअप्लाइड मायग्रेशन्स’ हा एरर आहे का?

सूचना आहे, सर्व्हर चालूच असतो. मायग्रेशन म्हणजे डेटाबेसमधली टेबलं बनवायची किंवा बदलायची पायरी. जँगोसोबत येणाऱ्या लॉगिन, सेशन, ॲडमिन वगैरे भागांची टेबलं अजून बनलेली नाहीत, एवढंच. ‘पायथन मॅनेज.पीवाय मायग्रेट’ केलं की जाते. दुर्लक्ष करून ॲडमिनमध्ये लॉगिन करायला गेलात, तर मात्र ‘नो सच टेबल’ हा खरा एरर येईल.

मॉडेल लिहिलं, तरी मेकमायग्रेशन्स ‘नो चेंजेस डिटेक्टेड’ म्हणतं.

ॲपचं नाव इन्स्टॉल्ड_ॲप्समध्ये नाही, किंवा ॲपच्या आत मायग्रेशन्स फोल्डर नाही, किंवा मॉडेल्स.पीवाय सेव्हच केलेली नाही. दुसऱ्या कारणावर ‘मेकमायग्रेशन्स’पुढे ॲपचं नाव लिहिलं की फोल्डर बनतो.

‘इनकन्सिस्टंटमायग्रेशनहिस्ट्री’ आलं. नेटवर सगळी मायग्रेशन्स उडवा असं वाचलं.

घाई करू नका, इथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं.

बहुतेक वेळा क्रम असा असतो: आधी मायग्रेट केलं, नंतर स्वतःचं यूजर मॉडेल लिहून ऑथ_यूजर_मॉडेल सेटिंग घातलं. ॲडमिनचं पहिलं मायग्रेशन डेटाबेसमध्ये लागलेलं आहे, आणि आता ते तुमच्या नव्या यूजर टेबलवर अवलंबून आहे, जे अजून बनलेलंच नाही. पाया नंतर भरायला घेतल्यासारखं. प्रोजेक्ट नवा असेल आणि डेटाबेसमध्ये जपण्यासारखं काही नसेल, तर सर्व्हर थांबवा, डीबी.एसक्यूलाइट३ ही फाइल काढून टाका, मेकमायग्रेशन्स आणि मग मायग्रेट करा. सुपरयूजर पुन्हा बनवावा लागेल. खरा डेटा असेल तर आधी त्या फाइलची प्रत दुसरीकडे ठेवा आणि जाणकार माणसाला सोबत घेऊनच हात लावा.

मायग्रेशन फाइल उडवायच्याच असतील, तर फक्त तुमच्या ॲपच्या मायग्रेशन्स फोल्डरमधल्या, आकड्याने सुरू होणाऱ्या. इनिट.पीवाय राहू द्या. नेटवर फिरणारी एका ओळीची ‘फाइंड … डिलीट’ कमांड प्रोजेक्टच्या मुळाशी चालवली, तर ती व्हीएन्वमध्ये शिरून जँगोच्या स्वतःच्या मायग्रेशन फाइलही पुसते. तसं झालं असेल तर ‘पायथन -एम पिप इन्स्टॉल --फोर्स-रीइन्स्टॉल जँगो==५.२’.

झॅम्पच्या मायएसक्यूएलला जोडलं, तर ‘मारियाडीबी १०.५ ऑर लेटर इज रिक्वायर्ड’.

झॅम्प म्हणजे डेटाबेस आणि वेब सर्व्हर एकत्र बसवणारं पॅकेज. त्याच्या पॅनेलवर मायएसक्यूएल लिहिलेलं असलं तरी आत मारियाडीबी आहे. झॅम्प ८.२.१२ मध्ये तिचं व्हर्जन १०.४.३२ आहे. जँगोने ५.१ पासून १०.४ चा सपोर्ट काढला. सेटिंग्जमध्ये काहीही बदललं तरी हे सुटणार नाही.

तीन वाटा आहेत. विषयाला मायएसक्यूएल सक्तीचं नसेल तर एसक्यूलाइटच ठेवा. कॉलेजच्या प्रोजेक्टला ते पुरून उरतं. सक्तीचं असेल तर मायएसक्यूएल ८ वेगळं इन्स्टॉल करा आणि झॅम्पशी टक्कर नको म्हणून पोर्ट ३३०७ द्या, तोच सेटिंग्जमध्ये लिहा. तिसरी वाट म्हणजे जँगो ४.२ वर उतरणं. त्याचा सपोर्ट संपलेला आहे, म्हणून नाइलाज असेल तरच. जँगोच्या आतली व्हर्जन तपासणी कोड बदलून बंद करायचा उपायही नेटवर सापडतो. तो करू नका, पुढे इन्सर्टच्या वेळी दुसरेच एरर निघतात.

मायएसक्यूएलक्लायंट पॅकेज उबुंटूवर बसत नसेल, तर आधी पीकेजी-कॉन्फिग, पायथन३-डेव्ह, बिल्ड-इसेन्शियल आणि डीफॉल्ट-लिबमायएसक्यूएलक्लायंट-डेव्ह ही चार ॲप्टने घाला. विंडोजवर ‘व्हिज्युअल सी प्लस प्लस १४.० इज रिक्वायर्ड’ आलं, तर तुमच्या पायथनसाठी तयार पॅकेज मिळालेलं नाही, म्हणून पिप ते बनवायला बसलंय. काही जीबींची बिल्ड टूल्स उतरवण्यापेक्षा एखादं मागचं पायथन व्हर्जन घेणं सोपं पडतं.

उबुंटूवर रूटचा पासवर्ड बरोबर आहे, तरी ‘ॲक्सेस डिनाइड’, कोड १६९८.

तिथे रूटला पासवर्डने आत येऊच देत नाहीत, सिस्टिमचा रूट असेल तरच दार उघडतं. ‘सुडो मायएसक्यूएल’ने आत जाऊन प्रोजेक्टसाठी वेगळा यूजर बनवा, त्याला त्या एकाच डेटाबेसचे हक्क द्या.

‘दॅट पोर्ट इज ऑलरेडी इन यूज’. दुसरं तर काहीच चालू नाही!

तुमचाच मघाचा सर्व्हर चालू आहे. उबुंटूवर कंट्रोल-झेड दाबलं की सर्व्हर बंद होत नाही, नुसता गोठतो, आणि पोर्ट ८००० धरून ठेवतो. ‘एफजी’ टाकून त्याला पुढे आणा आणि कंट्रोल-सी दाबा. बंद करायची कळ नेहमी कंट्रोल-सी.

विंडोजवर ‘नेटस्टॅट -एएनओ | फाइंडस्ट्र :८०००’ टाका. ओळीच्या शेवटचा आकडा म्हणजे प्रोसेसचा नंबर, तो ‘टास्ककिल /पीआयडी’पुढे लिहून शेवटी ‘/एफ’ द्या. घाईत असाल तर ‘रनसर्व्हर ८००१’ करून पुढे चला.

व्हायवाच्या वेळी साइट मोबाइलवर दाखवायची आहे.

‘पायथन मॅनेज.पीवाय रनसर्व्हर ०.०.०.०:८०००’ असा सुरू करा. ‘आयपीकॉन्फिग’मध्ये आयपीव्ही४ समोरचा पत्ता बघा, तो सेटिंग्जमधल्या अलाउड_होस्ट्समध्ये अवतरणात लिहा, नाहीतर ‘डिसअलाउड होस्ट’ येईल. मोबाइलवर एचटीटीपी, तो पत्ता, कोलन आणि ८००० टाका. एचटीटीपीएस नको. हा सर्व्हर एचटीटीपीएस बोलत नाही आणि टर्मिनलवर तसं स्पष्ट लिहितो. विंडोज फायरवॉलने विचारलं तर परवानगी द्या.

कॉलेजच्या वायफायवर अनेकदा दोन उपकरणांना एकमेकांशी बोलू देत नाहीत. म्हणून मोबाइलचा हॉटस्पॉट लावून लॅपटॉप त्यावर घ्या. नेटवर्क बदललं की पत्ताही बदलतो, तो पुन्हा बघून अलाउड_होस्ट्समध्ये घाला. ही तालीम एक्स्टर्नल (बाहेरचे परीक्षक) यायच्या आदल्या दिवशी करा, ब्लॅक बुक (प्रोजेक्टचा छापील रिपोर्ट) बाइंडिंगला टाकून आल्यावर.

सुपरयूजर बनवताना पासवर्ड टाइपच होत नाही.

होतोय, दिसत नाही. ठिपकेही दिसत नाहीत. टाइप करून एंटर दाबा.

मराठी मजकूर प्रिंट केला की ‘चारमॅप कोडेक कान्ट एन्कोड’.

विंडोज जुन्या लिपी-तक्त्याने लिहायला जातं आणि त्या तक्त्यात देवनागरी नसते. कमांड ‘पायथन -एक्स यूटीएफ८ मॅनेज.पीवाय …’ अशी द्या. यातला एक्स कॅपिटल. किंवा पायथनयूटीएफ८ या नावाचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ करून ठेवा, म्हणजे दर वेळी लिहायला नको.

याचाच भाऊ म्हणजे डम्पडेटाचा एरर. डम्पडेटा डेटाबेसमधला डेटा फाइलमध्ये काढतं, लोडडेटा तो परत भरतं. विंडोजसोबत येणाऱ्या पॉवरशेलमध्ये ‘>’ वापरून फाइल बनवली की ती यूटीएफ-१६ मध्ये लिहिली जाते आणि लोडडेटा ‘०एक्सएफएफ इन पोझिशन ०’ म्हणत थांबतं. बाण वापरू नका, जँगोलाच फाइल लिहू द्या:

पायथन -एक्स यूटीएफ८ मॅनेज.पीवाय डम्पडेटा -ओ डेटा.जेसन

सगळं चालतंय, पण नोंदींची वेळ साडेपाच तास मागे दिसते.

सेटिंग्जमध्ये टाइम_झोन मुळात यूटीसी असतो. तिथे ‘एशिया/कोलकाता’ लिहा, ए आणि के कॅपिटल. ‘एशिया/मुंबई’ असा झोन नाही, ते लिहिलंत तर सर्व्हर सुरूच होणार नाही. कोडमध्ये डेटटाइमच्या ‘नाऊ’ऐवजी जँगोच्या टाइमझोन मॉड्यूलचा ‘नाऊ’ वापरा, म्हणजे ‘नाइव्ह डेटटाइम’चा इशारा येणार नाही. डेटाबेसची फाइल थेट उघडून पाहिली तर वेळ तिथे साडेपाच तास मागचीच दिसेल, कारण जँगो साठवताना यूटीसीच साठवतं आणि पानावर दाखवताना बदलतं. तिथे हाताने काही दुरुस्त करू नका.